भनपुरीतल्या दोन शाळांचं एक टॉयलेट

“टॉयलेट आहे की नाही, एवढंच सांग,” वानखेडे सर फोनवर म्हणाले.

“सकाळच्या शाळेला आहे, सर. दुपारच्या शाळेला नाही.”

“बिल्डिंग तर एकच आहे नं?”

“हो सर.”

ते म्हणाले, “माय, कोडं काहून घालून राहिली? फॉरमॅट भर आणि ये.”

मी रायपूरच्या एका छोट्या कन्सल्टन्सीत काम करते. वानखेडे सर माझे बॉस. तेव्हा आमच्याकडे शहराच्या भनपुरी भागातल्या सरकारी प्राथमिक शाळांची तुलना करायचं काम होतं. प्रत्येक शाळेत जायचं, इंडिकेटरनुसार गुण द्यायचे, क्रमवारी लावायची. इंडिकेटर म्हणजे तपासायच्या गोष्टी: पाणी, टॉयलेट, किचन, हजेरी, स्वच्छता. जी शाळा तळाला जाईल ती बंद करून तिथली मुलं जवळच्या शाळेत पाठवायची, असं शिक्षण विभागाच्या मनात होतं. नकाशावर ती दुसरी शाळा खरंच जवळ होती. मध्ये फक्त हायवे होता. भनपुरीचा हायवे, म्हणजे दिवसभर ट्रक.

तळाला चालली होती दुपारची कन्या शाळा. त्याच इमारतीत सकाळी मुलांची शाळा भरायची आणि तिचा नंबर बऱ्यापैकी वर होता. वर्ग तेच, भिंती त्याच, नळही तोच.

सकाळच्या शाळेचे हेडमास्टर तिवारी सर. टॉयलेट त्यांच्या शाळेच्या नावावर मंजूर झालेलं, म्हणून पाळी संपली की ते कुलूप लावून घरी जात.

“मैडम, नल टूटा तो जवाब कौन देगा? मैं,” ते मला म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. त्यांना यात काहीच चूक दिसत नव्हती.

दुपारच्या हेडमिस्ट्रेस साहू मॅडम. किचन शेड त्यांच्या शाळेच्या नावावर, म्हणून त्याची चावी त्यांच्या पर्समध्ये. त्यामुळे सकाळच्या मुलांचं जेवण व्हरांड्यात चूल मांडून शिजायचं आणि भिंत काळी व्हायची. सकाळच्या शाळेचे स्वच्छतेचे गुण मी त्यासाठीच कापले होते.

“तुम्ही दोघं चाव्या बदलून का घेत नाही?” मी साहू मॅडमना विचारलं.

“हव, बदल लेते मैडम. पहले वो दें.”

तिवारी सरांचं उत्तरही तेच होतं.

कन्या शाळेला सगळ्यात मोठा फटका हजेरीत बसला. आमचा नियम असा की हजेरी मधल्या सुट्टीनंतर मोजायची. सुट्टीनंतर वर्ग अर्धे रिकामे. मी एका मुलीला विचारलं, बाकीच्या कुठे गेल्या?

“घर गईं, दीदी.”

“का?”

तिने शेजारच्या मुलीला कोपराने ढोसलं. मग शेजारची म्हणाली, “बाथरूम बंद है ना.” आणि दोघी बाक वाजवून हसल्या. मला हसू आलं नाही. टॉयलेटला जायला घरी गेलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नव्हती. म्हणजे एका कुलपासाठी या शाळेचे गुण दोनदा कापले जात होते. आणि शाळा हायवेपलीकडे गेली, तर या मुली बहुतेक कुठल्याच शाळेत जाणार नव्हत्या.

ऑफिसमध्ये मी हे सांगितलं. मीटिंगमध्ये मी फारशी बोलत नाही. बोलायचं ठरवलं की वाक्य आधी डोक्यात इंग्लिशमध्ये तयार होतं आणि बाहेर येईपर्यंत विषय बदललेला असतो. यावेळी मी लिहूनच नेलं होतं.

सरांनी ऐकलं. “पण शाळेचा कोड वेगळा नं? कोड वेगळा म्हणजे शाळा वेगळी. सॉफ्टवेअर दुसरं काही घेत नाही.”

“सर, आपण कुलपाला गुण देतोय.”

“मग कुलपाचं इंडिकेटर दे आणून. मी टाकतो.”

सगळे हसले. मी कागदाची घडी घातली. मग ज्या आवाजात मी रिक्षासुद्धा थांबवू शकत नाही, त्या आवाजात म्हणाले, “सर, एकदा तुम्ही या. दुपारी.”

ते आले, बहुधा मी पुन्हा मीटिंगमध्ये बोलू नये म्हणून. आम्ही पोचलो तेव्हा पाळी बदलत होती. साहू मॅडमनी चहा दिला, सरांनी दोन कप घेतले. मग कन्या शाळेचे वर्ग, रजिस्टर, ब्लॅकबोर्ड, सगळं निवांत बघितलं. मग सर माझ्यापासून जरा लांब गेले आणि हळू आवाजात साहू मॅडमना काहीतरी विचारलं.

“सर, चाबी तो तिवारीजी ले गए,” मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

“फोन करा नं त्यांना!”

“किया था, सर. गाड़ी चला रहे होंगे.”

सर गेटबाहेर गेले. समोर, हायवेपलीकडे, पेट्रोल पंप होता. मी गेटात उभी राहून बघत होते. सर एक पाऊल पुढे टाकायचे, ट्रक हॉर्न वाजवायचा, सर एक पाऊल मागे. असं कितीतरी वेळ. शेवटी एका गायीच्या आडोशाने ते पलीकडे पोचले. परत येताना गाय नव्हती, त्यामुळे आणखी उशीर झाला.

आल्यावर त्यांनी शर्ट झटकला. गाडीत बसल्यावर म्हणाले, “पहिलीतल्या पोट्ट्या हा रोड कशा ओलांडतील वं?”

“नाही ओलांडणार, सर.”

रिपोर्टमध्ये दोन्ही शाळा एकाच ओळीत गेल्या: एक परिसर, दोन पाळ्या. सॉफ्टवेअरने कुरकुर केली, तेव्हा सर स्वतः विभागात जाऊन बसले. कन्या शाळा जागेवर राहिली. टॉयलेटची दुसरी चावीही झाली, पण ती देताना तिवारी सरांनी साहू मॅडमकडून लेखी पावती घेतली. किचनची चावी मिळाल्यावर तिवारी सरांनीही तशीच पावती दिली, म्हणे नाइलाजाने. मग दोघांनीही मला फोन करून एकच तक्रार केली: आमचे चांगले गुण त्यांच्या शाळेला का वाटले?

आता ऑफिसमध्ये शाळा तपासायला नवीन कोणी आलं, की फॉरमॅट समजावून देण्याआधी मी एकच सूचना देते. शाळेत जाताना भरपूर पाणी पिऊन जा.