लेथवरचं कुंकू

आमच्या ह्यांचा हात कारागिराचा, पण काळीज सशाचं. बेचाळीसनंतर डोंगरात लपलेल्या पोरांनी "आमास्नी ठासणीच्या बंदुका करून द्या" असा निरोप धाडला, तेव्हा हे नाहीच म्हणतील अशी माझी खात्री होती. हे हो म्हणाले आणि माझी झोप उडाली.

बंदुकीची नळी आतून सरळ कोरायला लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र लागतं, ते आमच्या खेड्यात कुठलं? सांगलीतल्या एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रींनी आपला हाताने फिरवायचा जुना लेथ द्यायचं कबूल केलं. सांगली संस्थानात, आमचं गाव इंग्रजी हद्दीत, मधे पोलिसांचा नाका. उसाच्या चरकाचं मोडकं सामान म्हणून तो बैलगाडीतून आणायचं ठरलं. गाडीत बाईमाणूस असलं की कुणी फार उचकापाचक करत नाही, म्हणून मलाही बसवलं. लेथच्या अंगावर तो बनवणाऱ्या कारखान्याच्या नावाची ओतीव इंग्रजी अक्षरं होती, ती मिस्त्रींनी स्वतः चिखलाने लिंपली. "ही कुनी वाचली तर चरक हाय म्हनून भागायचं न्हाई," ते म्हणाले.

वाटभर हे मलाच बजावत होते, "तोंड उघडू नगंस. तुजी जीभ लय सैल हाय." नाका दिसू लागला तसं वरचं गोणपाट सारखं करायला गेले, तर काय! चिखल गेलेला! अक्षरं स्वच्छ धुतलेली, आणि त्यांच्यावर मळवट भरावा तसं कुंकू. तेही माझ्याच गाठोड्यातल्या करंड्यातलं; मघा ओढ्यावर बैलांना पाणी दाखवायला मी उतरले, तेवढ्यात ह्यांनी हा उद्योग केला होता.

"आवं, ह्ये काय करून ठिवलंय?"

"यंत्र घरात न्यायाचं, ते तसंच कसं न्यायाचं?" हे पुटपुटले. "आन् चिखलावर कुंकू कसं लावायचं?"

"पुसा आदी!"

"तूच पूस."

मी पदराचं टोक धरलं, पण हात पुढे जाईना. ज्या माणसाला आज बेड्या पडू नयेत म्हणून सकाळपासून देव पाण्यात घातले होते, त्याच्याच हातचं कुंकू मी पुसायचं? त्यांनाही धीर होईना. एकमेकांवर खेकसत आम्ही नाक्यावर पोचलो.

जमादार आमच्याच भागातला वाटला. गाडीवर चढून त्याने लोखंडावर बूट टेकवला आणि गोणपाट ओढलं. कुंकू दिसताच पाय झटकन मागे घेतला, लोखंडाला हात लावून छातीशी नेला. मला वाटलं, सुटलो. पण तो खाली वाकला.

"मोडकं सामान म्हनता, मग ह्ये कुंकू?"

ह्यांनी उगाच बैलांचा कासरा सारखा केला. शेवटी माझी सैल जीभच कामी आली. "आवं दादा, जुनं असलं तरी आमच्या घरात नवंच की. नवरा बिजवर असला म्हनून बाशिंग बांधत न्हाईत व्हय?"

तो हसला नाही. "खाली कायतरी लिवलंय. पूस ते, बगू दे."

"मी न्हाई पुसायची." मी पदर डोक्यावर ओढून घेतला. "माजा धनी हितं बसलाय. तुमास्नी बगायचं आसंल तर तुमच्या हातानं पुसा."

त्याने बोट पुढे केलं. ह्यांनी तर डोळेच मिटून घेतले. बोट कुंकवाजवळ येऊन तिथेच थांबलं. मग त्याने गोणपाट परत ओढलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "जावा. झाकून न्या."

गाडी लांब आल्यावर मी ह्यांना असं काही झाडलं की बैलसुद्धा बिचकले. मग माझ्या आधी हेच रडले.

लेथ घरी बसला, नळ्या तयार होऊ लागल्या. तेलकट हातांनी ते कुंकू लवकरच निघून गेलं. पुढे बंदुका पोचवायला हे डोंगरात जायचे, आणि परत येईपर्यंत मी रोज सकाळी त्या अक्षरांवर नवं कुंकू लावायची. पोलीस आले तर त्यांना वाचता येऊ नये म्हणून लावते, असं मी ह्यांना सांगितलं होतं.