चारशे सतराचे दोन ठोकळे

रोज संध्याकाळी घरी आली, की वर जाण्याआधी ती जिन्याखालच्या मीटरच्या पेटीमागे हात घालून बघायची. पेटी आणि भिंत यांच्यात वीतभर फट होती. कुरिअरवाल्याने तिचं पार्सल त्या फटीत ठेवायचं, बेल वाजवायची नाही, असं त्या दोघांत ठरलेलं होतं. पार्सल सापडलं की ते पिशवीत डब्याखाली जायचं. मग ती दोन जिने चढून दार वाजवायची.

"आलीस?" नवरा विचारायचा.

"आले."

तो हात पुढे करायचा, पण पिशवी ती त्याच्या हातात कधी द्यायची नाही.

ती इस्पितळाच्या तळघरातल्या लॅबमध्ये होती. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा रात्रभर यंत्रात औषधांमध्ये मुरायचा आणि सकाळी तिच्यासमोर यायचा. ती तो चिमट्याने उचलून वितळलेल्या मेणात बसवायची, वर जाळीची प्लास्टिकची डबी दाबायची आणि थंड पत्र्यावर ठेवायची. थोड्या वेळात आगपेटीहून लहान असा पांढरा ठोकळा तयार व्हायचा. पलीकडच्या टेबलावरचे काका यंत्राच्या पात्याने त्याचे केसाहून पातळ काप काढायचे आणि ते काचेवर चढून डॉक्टर मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली जायचे. बारा वर्षं हेच काम. काका तिला मेणबाई म्हणायचे. तिने त्यांचं नाव पातेकाका ठेवून फिट्टंफाट केली होती.

प्रत्येक तुकड्याबरोबर एक फॉर्म यायचा. त्यात वय, कुठला अवयव आणि कसला संशय आहे ते लिहिलेलं असायचं. तिला फक्त नंबराशी काम होतं, फॉर्म वाचायची गरज नव्हती. पण ती वाचायची. वय वर्षे सहा. वय वर्षे सत्तावीस. सहा वाचलं त्या दिवशी दुपारी डबा खाता खाता तिने फोनवरून छत्तीस रंगांची पेटी मागवली. घरात लहान मूल नव्हतं. सत्तावीसच्या दिवशी चालायचे बूट घेतले. एका बाईचा फॉर्म वाचून काचेचे सहा पेले घेतले, आणि ते कशासाठी हे तिलाही सांगता आलं नसतं. बोट दाबलं की छातीवरचं ओझं क्षणभर उतरायचं. आपल्या नावाने काहीतरी निघालंय, चार दिवसांनी पोहोचणार आहे, म्हणजे चार दिवसांनी आपण असणार आहोत, असा काहीतरी तो हिशोब होता.

सगळं क्रेडिट कार्डावर चालायचं. बिलावर दोन आकडे असतात, एक पूर्ण रकमेचा आणि एक किमान रकमेचा. तीन वर्षं ती किमानच भरत आली. तेवढं भरलं की बँक गप्प बसायची आणि व्याज मात्र आत वाढत राहायचं. तिला ठाऊक होतं. लॅबमध्ये बसून आत वाढणाऱ्या गोष्टी दुसऱ्या कुणी तिला समजावून सांगायची गरज नव्हती. आकडा तिच्या सात पगारांएवढा झाला तेव्हा तिने बिलाची पाकिटं फोडणंच सोडलं. मग किमान रक्कमही दोनदा चुकली आणि फोन यायला लागले.

फोन वाजला की ती आवाज बंद करायची. नवऱ्यासमोर वाजला तर ती म्हणायची, "कंपनीचा असेल, काहीतरी विकत असतील." तो मोटार ड्रायव्हिंग शाळेत शिकवायचा, दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून घसा कोरडा करून यायचा. खोदून विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तिला त्या न विचारण्याचीच जास्त भीती वाटायची. दोघांचा मिळून एक बेत होता. पुढच्या वर्षी ड्रायव्हिंग शाळेची नोकरी सोडून त्याने स्वतःची सेकंडहँड गाडी घ्यायची. त्यासाठी घरातल्या खात्यात जमलेल्या पैशांतून तिने दोनदा उचल केली होती. त्याला कळलं तर तो ओरडणार नाही, नुसता बघेल, आणि तसं बघणं आपल्याला सोसणार नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

एके दिवशी पहाटे नवरा आंघोळीला गेल्यावर तिने कार्ड कात्रीने कापलं. आठ तुकडे केले आणि कचऱ्यात खोल दाबले. पण त्याआधी कार्डावरचा सोळा आकडी नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे तिने बोटाएवढ्या पातळ कागदावर उतरवून घेतले होते. वेळ काय सांगून येते? उद्या कुणी आजारी पडलं तर? कागद घडी करून तिने डब्याच्या झाकणाखाली ठेवला आणि बसमध्ये बसल्यावर तिला कळलं, की आपण कापलं ते नुसतं प्लास्टिक. कार्ड अजून जिवंत आहे.

लॅबमध्ये आल्यावर तिला ते सुचलं. मेणात घालू. फोडायचं म्हटलं तर शेजारचा गरम करायचा पत्रा तापवावा लागेल, मेण वितळायची वाट बघावी लागेल. तेवढ्या वेळात मन ताळ्यावर येईल. आकडे पेन्सिलीने लिहिलेले होते, कारण बारा वर्षांत पेनाची शाई त्या औषधांत टिकलेली तिने पाहिली नव्हती आणि पेन हातात घ्यायची सवयच गेली होती.

सकाळची रांग चालू होती. चारशे चौदा, पंधरा, सोळा. मध्येच तिने कोरी डबी घेतली, साच्यात कागद ठेवला आणि मेण ओतलं. मग डबीवर हाताने आपोआप पेन्सिल फिरवली. मनाशी ती दुसरंच काही म्हणत होती, हात मात्र पुढचा नंबर लिहून मोकळा झाला. चारशे सतरा. तिला कळलंही नाही. त्यानंतर खऱ्या चारशे सतराची डबी उघडून तिने त्यातले सुईने काढलेले तीन दोऱ्यासारखे तुकडे मेणात बसवले. फॉर्म वाचला. बाई, वय एकोणचाळीस. डाव्या स्तनात गाठ.

तीही एकोणचाळीसचीच होती.

तेवढ्यात दारातून डॉक्टर मॅडमनी हाक मारली, "कालचं रजिस्टर कुठंय हो?" तिने घाईघाईने थंड पत्र्याच्या कोपऱ्यातला ठोकळा उचलून कोटाच्या खिशात टाकला आणि रजिस्टर शोधायला धावली.

दुपारी बँकेचा फोन आला. नेहमीचा गोड आवाज आज गोड नव्हता. "मॅडम, आज संध्याकाळपर्यंत भरलं नाही, तर उद्या आमचा माणूस घरी येईल. घरी कोण असतं?"

"मी भरते. घरी नका येऊ."

"घरी कोण असतं, ते विचारतोय."

तिने फोन कट केला. खरं तर त्या क्षणी तिने कपाळाला हात लावून बसायला हवं होतं. पण ती बसली फोनवरचे पडदे बघत. निळे, जाड, उन्हाला आत न येऊ देणारे. पडदे लागले की दारात कोण उभं आहे ते दिसणार नाही, असं काहीतरी खुळं डोक्यात होतं. 'आता घ्या' म्हणून पट्टी आली आणि फोन कार्डाचा नंबर मागू लागला.

कार्ड कापून सात ताससुद्धा झाले नव्हते.

काका चहाला गेलेले बघून तिने गरम करायचा पत्रा तापत ठेवला. खिशातला ठोकळा त्यावर उपडा केला. मेण आधी कडेने पारदर्शक झालं, मग मध्ये ओलसर, मग त्याचं पाणी झालं. ती चिमटा घेऊन कागदाची वाट बघत होती.

वर आले ते तीन दोरे. फिकट तपकिरी, नखाच्या लांबीचे.

तिने डबी पालथी करून नंबर वाचला, परत वाचला. म्हणजे मघाचा खरा चारशे सतरा आपल्या खिशात होता. आणि आपला कागद?

चहाचा कप घेऊन काका मागून आत आले आणि यंत्रापाशी बसले. त्यांच्या पुढ्यातल्या थाळीत ठोकळे ओळीने लावलेले होते. त्यांनी एक यंत्रात बसवला, दांडा फिरवला. खर्र असा आवाज झाला.

"अगं मेणबाई," काका चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, "या पेशंटच्या गाठीत आकडे निघालेत! सात, दोन, शून्य. लॉटरी लागली की काय बाईला?"

काकांनी कापलेली चकती उजेडात धरली.

"बारीक तुकडे गुंडाळतात तो नुसता कागद आहे. तुकडा पडला वाटतं कुठेतरी धुताना. लिहितो मी, नमुना मिळाला नाही, पुन्हा पाठवा."

"पुन्हा म्हणजे काका?"

"म्हणजे पुन्हा सुई. दुसरं काय? बिचारीला परत यावं लागेल, परत आठ दिवस वाट."

त्यांनी पेन उचललं. तिच्यासमोर पत्र्यावर ते तीन दोरे मेणात तरंगत होते. ते गुपचूप नव्या डबीत बसवून 'हा बघा, इथे राहिला होता' म्हणता आलं असतं. पण मॅडमचा पहिलाच प्रश्न ठरलेला होता. एका नंबराचे दोन ठोकळे आले कसे, आणि हे दोरे त्याच बाईचे कशावरून? त्याला उत्तर एकच होतं, आणि त्या उत्तरात ते पेले, ते बूट, ती रंगांची पेटी, सगळं होतं. उत्तर दिलं नाही तर उद्या एकोणचाळीस वर्षांची एक बाई पुन्हा पलंगावर उताणी झोपणार होती, सुई टोचून घ्यायला, आणि पुन्हा आठ दिवस रात्री छताकडे बघत काढणार होती. ते आठ दिवस कसे असतात, ते फॉर्मवर कुठे लिहिलेलं नसलं तरी तिने रोज वाचलं होतं.

"काका, लिहू नका," ती म्हणाली. "मॅडमना बोलवा. तो कागद माझा आहे."

डॉक्टर मॅडमनी उभ्यानेच सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "हे तुकडे चारशे सतराचेच आहेत, हे तुम्ही लिहून द्याल?"

"हो. सकाळी त्या डबीतून मीच काढले. खिशात माझ्याशिवाय कुणाचा हात गेला नाही."

"मग लिहा. कारणासकट."

चुकांच्या नोंदवहीत कारणाचा रकाना दोन बोटं रुंद असतो. तिने पेनाने लिहिलं, 'स्वतःच्या क्रेडिट कार्डाचा नंबर मेणात बसवत असताना.' पुढचं रकान्यात मावेना, म्हणून समासात लिहिलं, 'कर्ज आहे.' नवऱ्याला जे तीन वर्षं सांगता आलं नव्हतं, ते असं समासात उतरलं. मॅडमनी सही केली, मेमो देईन म्हणाल्या, महिनाभर मेणाच्या टेबलावर बसायचं नाही म्हणाल्या. जाता जाता कापलेल्या कागदाचे तुकडे चिमट्याने उचलून त्यांनी रसायनांच्या कचऱ्यात टाकले. दोरे पुन्हा मेणात बसले, या वेळी काकांच्या हातून. रिपोर्ट ठरल्या तारखेला गेला. त्यात काय लिहिलं होतं, ते तिने वाचलं नाही. फॉर्म आला की नंबराखालचा भाग कोऱ्या कागदाने झाकायचा, हे तिने महिन्याने परत टेबलावर बसल्यापासून सुरू केलं.

संध्याकाळी ती घरी न जाता ड्रायव्हिंग शाळेच्या मैदानावर गेली. शेवटचा विद्यार्थी नुकताच उतरला होता. ती शिकाऊ गाडीत चालकाच्या जागेवर बसली. तिला गाडी येत नव्हती. नवरा शेजारी, त्याच्या रोजच्या जागेवर. समोर बघत तिने सगळं सांगितलं. सात पगार, दोनदा केलेली उचल, उद्या येणारा माणूस.

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. ज्याला ती घाबरत होती ते हेच.

"माझ्या गाडीचे पैसे," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"किती उरलेत?"

तिने सांगितलं. त्याने डोळे मिटले. मग पायाने खाली काहीतरी दाबलं.

"हा बघ, शिकाऊ गाडीत माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. घरात नाही बसवला मी. चुकलं." त्याच्या आवाजात राग होता, आणि तो लपवायचा प्रयत्न नव्हता. "उद्या तो माणूस आला तर दार मी उघडतो. तू आत जायचं नाहीस. शेजारी उभं राहायचंस."

माणूस आला. दोघं दारात उभे राहिले. मासिक हप्ता ठरला, तिच्या पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. माळ्यावरून तिने दडवलेल्या वस्तू खाली निघाल्या, काहींची वेष्टनंही काढलेली नव्हती.

"माणसं दोन आणि किटल्या तीन?" नवरा म्हणाला. "पाहुण्यांना काय, एकेक किटली तोंडाला लावून द्यायची होती?"

बऱ्याच वस्तू विकल्या. पेले विकले गेले नाहीत, अजून त्यातच पाणी पितात. नियम एकच ठरला. काही घ्यावंसं वाटलं तर त्याला सांगायचं, तो नाही म्हणणार नाही, फक्त एक रात्र जाऊ द्यायची. पहिल्या महिन्यात तिने अकरा वेळा सांगितलं. तो अंथरुणावरून "बरं" म्हणायचा, आणि सकाळ झाली की पडदा काय अन् बूट काय, ती गोष्ट तिला अनोळखी वाटायची. अकरांतल्या दोन गोष्टी मात्र सकाळीही हव्याशाच वाटल्या. त्या दिवशी ती फार घाबरली. पुढेही एखाद्या फॉर्मवर झाकणाचा कागद जरा सरकला आणि 'वय' एवढं दिसलं, तरी तिचा हात फोनकडे जायचा.

शेवटचा हप्ता फिटायला दोन वर्षं आणि एक महिना लागला. सेकंडहँड गाडी अजून आलेली नाही, पण खातं पुन्हा भरतंय. कार्ड बंद झाल्याचं बँकेचं पत्र त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

त्या संध्याकाळीही वर जाण्याआधी तिने मीटरच्या पेटीमागे हात घातला. गेली दोन वर्षं तिथे काही नसायचं, तरी रोज घालायची. नसलेलं हाताला लागलं की तिला बरं वाटायचं. आज काहीतरी गार आणि मऊ लागलं आणि निसटलं. ती किंचाळणार होती. दोन जिने ती धावत चढली.

"आलीस?" नवऱ्याने दार उघडलं आणि हात पुढे केला. तिने पिशवी त्याच्या हातात दिली.

"अहो, मीटरच्या पेटीमागे पाल आहे. उद्या तेवढं झाडून घ्या."