बंद मशीनवर टेस्टर पेटला

मंडळी, माझं राहुरीत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. आज सकाळी ताई आणि दाजी मला एका मशीनवाल्याकडं ‘बिनलाईटीचा जनरेटर’ दाखवायला घेऊन गेले. एकदा फिरवला की कायम वीज!

मी म्हणालो, “दाजी, असं होत न्हाई.”

“आधी बघ तर!”

सुरू करण्याआधी पूजा. ताई ओल्या हातानं कुंकू लावायला वाकली. मी सवयीनं मशीनच्या बॉडीला टेस्टर टेकवला. मशीन बंद, तरी टेस्टर पेटला!

“ताई, हात मागं घे, बॉडीत करंट हाय!”

खाली लपवलेली वायर सरळ लाईटीच्या बोर्डात गेलेली.

मशीनवाला म्हणाला, “शंका घेतली की ऊर्जा बिघडते.”

परतताना दाजी म्हणाले, “वायर नीट बसवली की चालंल बघ.”

खरी भीती मला तेव्हा वाटली. अशा माणसाला कसं समजवायचं?