पडद्याबाहेरचं 'न्हाई'

आमच्या रामनगरच्या भातगिरणीत लोकशाही मी आणली. ती जेमतेम दुपारपर्यंत टिकली.

तोवर प्रत्येक पोत्याच्या तोंडाला ज्याच्या त्याच्या घरची चिंधी असे. कुणाची लुगड्याची, कुणाची लंगोटाची (हो, तीही!). शतक संपत आलं आणि आम्ही चिंध्यांवर? छे! मी बेळगावहून जुना कॉम्प्युटर आणला, चिंध्या चुलीत घातल्या, पोत्यांवर खडूने नंबर टाकले आणि नावं कॉम्प्युटरात भरली.

प्रोग्राम मी बेळगावातल्या मित्राकडे बसून लिहिला होता. पत्रकांवर पोसलेला माणूस मी. बारीक अक्षर म्हणजे जनतेविरुद्धचा कट! म्हणून अक्षरं भाकरीएवढी आणि बटणं जनतेच्या बोलीत: डावीकडे 'व्हय', उजवीकडे 'न्हाई'. मित्राच्या पडद्यावर आडवे आठशे ठिपके मावत, आमच्या पडद्यावर सहाशेचाळीस. (क्रांतिकारक ठिपके मोजत बसत नाहीत!)

सकाळीच माझ्या वडिलांकडून, अप्पांकडून, भलतीच कळ दाबली गेली. पडद्यावर प्रश्न आला: 'सगळं पुसायचं?'

"न्हाई कुठं हाय रे?" अप्पा आतून ओरडले.

"व्हयच्या शेजारी!" मी अंगणात कुंभारवाड्याच्या भीमामामांना बससाठीच्या मोर्चाचं महत्त्व पटवत होतो.

"शेजारी भिंत हाय!"

"चष्मा लावा, अप्पा!"

"दारापेक्षा मोठं व्हय दिसतंय, चष्मा कशाला?"

अप्पांनी पडद्यामागे डोकावलं, यंत्राला थापट्या मारल्या. प्रश्न हलेना, बाहेर माणसं खोळंबलेली. त्यांनी 'व्हय' दाबलं.

सगळी नावं गेली! भीमामामा तडक सर्वांत फुगलेल्या पोत्यावर जाऊन बसले.

"हे माझं."

"कशावरून, मामा?"

"बसलोय न्हवं!"

मग सगळेच बसले. ज्याने त्याने देवाला स्मरून आपापली पोती सांगितली. ती गोदामात होती त्याहून जास्त भरली! कमी पडली ती आमच्या कोठारातून गेली, म्हणजे आमचं पावसाळ्याचं खाणं.

मी आईला ठिपक्यांचं शास्त्र समजावू लागलो: आठशेचं चित्र सहाशेचाळीसात मावलं नाही, उजवीकडचं 'न्हाई' पडद्याबाहेर राहिलं.

"कळलं," ती म्हणाली. "तुझं यंत्र तुझ्यावरच गेलंय. समोरच्याला न्हाई म्हणू देत न्हाई." आणि तिने कात्री पुढे केली. "सगळ्यांच्या नव्या चिंध्या फाडल्या. भीमादादाची तेवढी ऱ्हायली. तुझा मोर्चाचा झेंडा देतोस?"

मी तोंड उघडलं. सगळीकडे शोधलं, पण 'न्हाई' काही सापडेना!

भीमामामांच्या पोत्यांवर अजून लाल चिंधी असते.