डालग्याला चिकटलेला समुद्र

झुंबरबाईंनी चित्र उचललं, तर खालचं बांबूचं डालगंही त्याला चिकटून वर आलं. "अगं बया!" म्हणत त्यांनी हिसका दिला आणि चर्रकन आवाज होऊन दोन्ही वेगळी झाली. चित्र सुलटं करून बघितलं मात्र, बाईंनी कपाळावर हात मारला. अख्ख्या समुद्रावर डालग्याची वीण उमटली होती. आणि कड्यावर उभा असलेला निळ्या कोटातला एवढासा माणूस गायब होता. त्याच्या जागी नुसतं पांढरं कापड दिसत होतं.

तो माणूस म्हणजे या बंगल्याचे साहेब. दोन वर्षांपूर्वी साहेब आणि त्यांच्या पत्नी मानसीताई स्कॉटलंडला फिरायला गेले होते. तिथल्या समुद्राकाठी एका कड्यावर साहेबांचा पाय घसरला आणि ते गेले. ताई खाली खडकावर चित्र काढत बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत झालं सगळं. परत आल्या त्या हसणं-बोलणं विसरूनच. त्याच हिवाळ्यात लोणावळ्याजवळ कुसगावच्या या बंगल्यात स्वतःला कोंडून घेतलं आणि हे चित्र काढलं. ब्रश नाही की काही नाही, सुरीनेच रंग थापायच्या. काळे कडे, खवळलेलं पाणी, फाटलेलं आभाळ, आणि त्या सगळ्यात तो निळा ठिपका. झुंबरबाई दारात चहा घेऊन उभ्या राहायच्या आणि मनात म्हणायच्या, ही बाई चित्र काढतीय का भिंत लिंपतीय! चित्र झालं, दिवाणखान्यात लागलं, आणि ताई पुण्याला निघून गेल्या. त्यानंतर इकडे फिरकल्या नाहीत.

झुंबरबाई तिकोणा पेठ गावच्या. लग्न होऊन कुसगावात आल्या त्या भाताची लावणी करायला. पुढे खाचरांवर बंगले उभे राहिले, आणि नवरा दत्तोबा गेल्यावर यातल्याच एका बंगल्याची किल्ली त्यांच्या कमरेला आली. तोंडाने फटकळ. माकडांना काठी, बाटल्या फेकणाऱ्या पर्यटकांना शिव्या, आणि दोघांनाही पुन्हा यायची छाती होत नसे. पण साहेबांनी त्यांना कधी अगं-तुगं केलं नव्हतं. दत्तोबाच्या आजारपणात स्वतः गाडी काढून तळेगावच्या दवाखान्यात नेलं होतं. ते झुंबरबाई विसरणं शक्य नव्हतं.

आज सकाळी ताईंचा फोन आला. "मावशी, दुपारी येतेय. ते चित्र न्यायचंय. भिंतीवरून काढून ठेवाल? जपून हं, रंगाचा थर जाड आहे, आतून अजून ओला आहे."

आता लोणावळ्याच्या पावसात ज्याचा जन्म गेला, त्याला ओलं आहे म्हणून सांगितल्यावर तो काय करणार? आषाढात इथे ऊन म्हणून नसतंच. गोधड्या, शाळेची दप्तरं, लेकराची टोपडी, जे ओलं ते शेगडीवर. शेगडीत निखारे, वर डालगं पालथं, आणि त्यावर ओली बाजू खाली करून पसरायचं. झालं. बाईंनी चित्र उतरवलं, मागून बघितलं तर बुरशी. त्यांच्या जिवाला लागलं. साहेब असे बुरसटलेले ताईंच्या हातात द्यायचे? छे! त्यांनी दिवाणखान्यातच शेगडी पेटवली आणि चित्र पालथं टाकलं. रंग तव्यावरच्या लोण्यासारखा मऊ होईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सून कोमल हॉटेलातली सकाळची पाळी संपवून आली. सासूचा चेहरा आणि चित्र बघून तिला काय झालं ते सांगावं लागलं नाही.

"आत्या, माकडं शिरली म्हणून सांगा," ती म्हणाली. "खिडकी उघडी राहिली, चित्र ओढलं, पाडलं. मागच्या आठवड्यात शेजारच्या बंगल्यात टीव्ही फोडलाच की त्यांनी. कोण नाही म्हणतंय?"

"आन् ही वीण? माकडं डालगी विणाया बसली व्हती व्हय?"

"मग उलथन्यानं सारखं करा जरा. अजून मऊ आहे तोवर. नाहीतर मागची राहायची खोली जाईल आपली."

उलथनं हातात घेतलंही बाईंनी. टोक समुद्राला टेकवून हळूच ओढलं. एक लाट सपाट झाली, तिथे काळा-पांढरा चिखल झाला. आणि माणूस? तो कुठून आणायचा? त्यांनी उलथनं फेकून दिलं. त्या बाईकडे नवऱ्याचं एवढंच राहिलं होतं. तिथे समुद्रानं नेलं, इथे आपण नेलं. आता कुठल्या तोंडानं समोर उभं राहायचं?

फाटकाशी हॉर्न वाजला.

कोमलने हळूच जाऊन मागची खिडकी सताड उघडली. पावसाचं पाणी फरशीवर यायला लागलं. "माकडं," ती कुजबुजली. "एवढंच म्हणा, बाकीचं मी बघते."

मानसीताई आत आल्या. केस पांढरे झालेले, गळ्याची हाडं दिसत होती. त्यांनी आधी रिकामी भिंत बघितली, मग जमिनीवरचं चित्र, मग उघडी खिडकी. कोमलने तोंड उघडलं.

"तू गप ऱ्हा!" झुंबरबाई कडाडल्या. मग ताईंकडे वळल्या. "ताई, म्या केलं. तुमी ओलं म्हनालात, म्या शेगडीवर टाकलं. सायेब गेलं त्यातनं. डालग्याला लागलं. माकडं न्हाई, बिकडं न्हाई, मीच."

ताई गुडघ्यांवर बसल्या. पांढऱ्या कापडावरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. झुंबरबाईंना वाटलं, आता एक थोबाडीत बसली तर बरं.

"कुठाय तो?" ताईंनी विचारलं.

बाईंनी डालगं पुढे केलं. एका कांबीवर निळ्या रंगाचा लपका होता. ना कोट, ना माणूस. ताईंनी डालगं मांडीवर घेतलं.

"मावशी, मीच त्याला तिथे उभा करून ठेवला होता, जाऊच देत नव्हते," त्या म्हणाल्या. "चित्र काढताना रोज वाटायचं, सुरी घ्यावी आणि खरवडून काढावं त्याला त्या कड्यावरून. हात उठायचा नाही. आज तेच करायला आले होते. पुण्याहून निघाल्यापासून वाटतंय, याही वेळी जमणार नाही."

झुंबरबाईंना कळायला क्षणभर लागला. आणि कळल्यावर त्यांचा असा काही पारा चढला!

"मग फोनवर सांगाया काय झालतं? मगाधरनं जीव टांगणीला लागलाय हितं माजा! पाण्याचा घोट उतरला न्हाई घशाखाली! म्या म्हनलं, सायबाला दुसऱ्यांदा मारलं म्या!"

ते वाक्य तोंडातून गेलं आणि बाईंनी जीभ चावली. साहेब गेल्याची बातमी घेऊन आल्या तेव्हा न रडलेली ती बाई भर दुपारी, फरशीवरच्या पाण्यात बसून, डालगं पोटाशी धरून लहान पोरीसारखी मोठ्यानं रडली. झुंबरबाईंनी पदर खोचला, शेजारी बसून तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि सुनेला म्हणाल्या, "बघत काय बसलीस? खिडकी लाव आदी. भिजत्याती त्या."