कळ

इनामदार सर माणसाच्या डोळ्यांकडे नंतर बघायचे, आधी जबड्याकडे. लखनौच्या आमच्या दंत महाविद्यालयात मोडलेले जबडे सांधण्यात त्यांची हयात गेली, पण त्यांचं हिंदी शेवटपर्यंत साताऱ्याचंच राहिलं. मी तिथे एक्स-रे काढायचो. आम्ही दोघेच मराठी.

जबडा जुळून येईपर्यंत वरचे-खालचे दात एकमेकांना बांधून ठेवावे लागतात. त्यासाठी सर दातांवर पट्टी बसवून ती तारेने आवळत. त्यांची लाडकी विद्यार्थिनी शबनम मात्र हाडात स्क्रू बसवून चहाच्या वेळेआधी मोकळी व्हायची. "स्क्रू कपाटाला, तार माणसाला," असं सर तिला सुनवायचे. शेवटी दोन्हींची तुलना करायची ठरली. ज्याने जास्त दुखेल ते साधन विभागातून जाणार होतं. सरांचा जीव त्या तारेत अडकलेला.

शबनम आपल्या रुग्णांना विचारायची, "दर्द तो नहीं?" ते मानेनेच नाही म्हणत. सर आपल्या रुग्णांना विचारत, "कळ आती है?" ते बांधलेल्या दातांतून अदबीने "जी" म्हणत. वर दुसऱ्या दिवशी सकाळी झाडून सगळे दारात हजर. सर पार खचले. "एवढ्या लोकांना मी छळत आलो का रे?" असं मला म्हणाले, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

उलगडा केला मलिहाबादच्या एका आमराईवाल्याने. इतकं दुखतं तर घरी औषध का घेत नाहीस, असं सरांनी त्याला विचारलं. तो दातांतल्या दातांत म्हणाला, "दर्द कैसा, डॉक्टर साहब? आप ही रोज़ पूछते हैं, कल आते हैं? अब आपको मना कैसे करें। बाग छोड़कर चले आते हैं।"

शबनम हसून हसून खुर्चीत बसली. सर गंभीरपणे मला म्हणाले, "यांच्याकडे ळ नाही. हे मला कोणी सांगायचं?"

तुलना पुन्हा केली, या वेळी शबनमच्या शब्दांत. दुखण्यात दोन्ही सारखी निघाली. तार राहिली, आणि जबडा साधाच मोडला असेल तर सर गुपचूप स्क्रूही वापरू लागले. कपाटाचा विषय कोणी काढला की त्यांना ऐकू येत नसे.

गेल्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन ते साताऱ्याला निघाले. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी सुटायच्या बेतात होती. शबनम डब्याच्या दाराशी गेली आणि तिने विचारलं, "सर, कल आती है?" ळ तिला अजूनही जमत नाही.

सरांनी चष्मा काढून पुसला.

"जी," ते म्हणाले.