साठचा बल्ब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही — तीही डॉक्टर आहे, तिला तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडच्या एका छोट्या प्रसूतिगृहात मी बाळांची डॉक्टर होते. नवी, हुशार — आणि स्वतःच्या हुशारीवर भारी खूश. बाळंतपणाच्या खोलीत कोपऱ्यात एक टेबल होतं, वर साठचा बल्ब लोंबायचा. न रडणारं बाळ त्याच्या उबेत ठेवायचं आणि हातातला फुगा दाबून त्याला श्वास द्यायचा. पण बाळ ‘तसं’ असलं — तिरके डोळे, तळव्यावर एकच आडवी रेघ, म्हणजे डाऊन सिंड्रोमचं — तर मोठे सर काही न बोलता बल्ब बंद करायचे. बस्स. सगळ्यांचे हात आपोआप थांबायचे. कागदावर काही यायचं नाही. ‘कशाला आईबापांच्या गळ्यात जन्माचं लोढणं?’ असं आम्ही नंतर चहा पिताना म्हणायचो. आम्ही — दयाळू माणसं!

पुढे विद्यार्थ्यांना शिकवताना हे मी कितीदा तरी सांगितलं. ‘तेव्हाचे सर असे होते,’ म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण —

त्या दुपारी सर वरच्या मजल्यावर ओपीडीत होते.

भांडुपची सुमन, मूळची मालवणकडची, पहिलटकरीण. मुलगी झाली. निळसर, लुळी — आणि डोळे तिरके. मी फुगा दाबला. चारपाचदा. ती गुलाबी व्हायला लागली हो, ओठांपासून. माझी करंगळी तिने मुठीत धरली. मला ती आवडली. हे सांगायलाच हवं — ती मला फार आवडली. आणि मी फुगा खाली ठेवला, बल्ब बंद केला. मीच. कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं नाही. मूठ सैल होईपर्यंत मी बोट मात्र काढून घेतलं नाही. याला काय माया म्हणायचं?

सुमनला सांगितलं, “बाळ रडलंच नाही गं.”

ती मग म्हणाली, “बाई, मी रॉकेलच्या रांगेत उभी रवलंय, तेच्यामुळा झाला काय ओ?”

‘नाही’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण तसं म्हटलं असतं, तर ‘मग कशामुळे?’ असं तिने विचारलं असतं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मान हलवली — कशीतरी, हो-नाहीच्या मधली. तिने ती ‘हो’ धरली. मला दिसलं ते.

दोन वर्षांनी ती पुन्हा आली. आठवा लागला होता. “ह्या टायमाक मी खंयच उभी रवाक नाय, बाई,” ती म्हणाली. “एकदा चुकलंय ता पुरे.”

मी तिच्या पोटावर हात ठेवला, ठोके ऐकले. छान होते. खोलीत आम्ही दोघीच होतो, दार लावलेलं होतं. सांगता आलं असतं.

“शहाणी आहेस,” मी म्हणाले.